एबीएसचा पिवळा लाईट : डाव्या पुढच्या चाकाच्या सेन्सरच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

गाडी बाबांची, २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, कायम चिपळूणमध्येच असते, म्हणजे वर्षातले चार महिने पाणी, चिखल आणि दमट हवा ठरलेलीच. बाबा दोन-तीन आठवड्यांपासून सांगतायत की डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक न होऊ देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा लाईट मध्येच लागतो, गाडी बंद करून परत चालू केली की जातो, आणि मग कधीतरी परत येतो. आज मी स्वतः चालवून बघितली. बाजारात जाऊन आलो तेव्हा काहीच नाही, पण घराशी आल्यावर अंगणात गाडी वळवायला स्टेअरिंग उजवीकडे फुल लॉक केलं, म्हणजे शेवटपर्यंत वळवलं, आणि लाईट लागला. बाबांना विचारलं तर म्हणाले, "हो, बहुतेक वेळा गाडी लावतानाच लागतो, नाहीतर मग खड्ड्यात आपटली की."

ही माहिती सोन्यासारखी आहे, कारण लाईट नेमका कधी लागतो त्यावरून अर्धं निदान होतं. चावी फिरवल्यावर एबीएसचं मॉड्युल, म्हणजे त्याचा कंट्रोल करणारा कॉम्प्युटर, आधी स्वतःची तपासणी करतं, दोन-तीन सेकंद लाईट लागून विझतो. तो विझतच नसेल तर बहुतेक वेळा वायर पूर्ण तुटलेली, शॉर्ट झालेली किंवा फ्यूज-सप्लायची भानगड. आधी विझून गाडी थोडी पळाल्यावर लागत असेल तर वायर ठीक असते पण चाकाकडून सिग्नल येत नाही किंवा वेडावाकडा येतो, मग चाकाचा वेग मोजणारा सेन्सर, त्याच्यासमोर फिरणारी रिंग, बेरिंग आणि मधली फट यांच्याकडे बघायचं. आणि स्टेअरिंग वळवल्यावर किंवा आपटल्यावर लागत असेल तर जी वायर चाकाबरोबर हलते तिच्यावर पहिला संशय घ्यायचा. पक्कं काही नाही अजून, पण सुरुवात कुठून करायची ते कळलं.

१५ जून, रविवार

सकाळी पाऊस थांबला तेवढ्यात वरवरची तपासणी. ब्रेक ऑइल लेव्हलला आहे, बॅटरी गाडी बंद असताना १२.५ व्होल्ट, चालू असताना १४.१, म्हणजे चार्जिंग ठीक. चारही टायर एकाच साईझचे, १६५/८० आर १४, हवा सगळ्यांत सारखी करून घेतली. टायर कशाला बघायचे असं वाटेल, पण मॉड्युल चारही चाकांचा वेग सतत एकमेकांशी ताडून बघत असतं, एखादा टायर लहान साईझचा बसवला असेल तर ते चाक कायम जास्त फिरतं आणि मॉड्युलला ते खोटं वाटू शकतं. नवा आणि झिजलेला टायर यात दोनेक टक्क्यांचा फरक पडतो, तेवढा चालतो.

बॉनेट उघडून उंदरांनी काही कुरतडलंय का तेही बघितलं, पावसाळ्यात इकडे ते फार होतं. वायरिंग साफ आहे.

माझ्याकडे गाडीत साठलेले बिघाडाचे कोड मोबाईलवर वाचणारा तो निळा छोटा ईएलएम३२७ वाला स्कॅनर आहे, तो लावला तर "नो फॉल्ट". यावर विसंबून राहायचं नाही. हे स्वस्त स्कॅनर आणि त्यांची फुकट अ‍ॅप बहुतेक वेळा फक्त इंजिनाचे, म्हणजे पी ने सुरू होणारे कोड वाचतात. एबीएसचे कोड सी ने सुरू होतात आणि ते वाचायला त्या मॉड्युलशी बोलता येणारा स्कॅनर लागतो.

आईने विचारलं की तोवर गाडी चालवायची की नाही. फक्त पिवळा एबीएसचा लाईट असेल तर साधा ब्रेक पहिल्यासारखाच लागतो, जोरात दाबल्यावर चाक लॉक होऊ नये म्हणून जी सोय आहे तेवढी बंद असते. पण त्याच्याबरोबर ब्रेकचा लाल लाईट पण लागला तर थांबायचं, कारण मग पुढच्या-मागच्या चाकांना ब्रेक वाटून देणारं ईबीडी सुद्धा गेलेलं असू शकतं आणि जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. किंवा ब्रेक ऑइलच कमी झालेलं असतं. आमच्याकडे लाल नाहीये. तरी बाबांना सांगितलं की तुम्ही गावातल्या गावात हळू चालवा, ओल्या रस्त्यावर अंतर ठेवा, पण घाटात न्यायची नाही. आषाढी एकादशी ६ जुलैला आहे, त्यानंतर गर्दी ओसरली की दोघांना पंढरपूरला जायचंय, म्हणजे कुंभार्ली घाट आलाच आणि तो पण भर पावसात. त्याच्या आधी हे झालंच पाहिजे.

१८ जून, बुधवार

बाबा परस्पर एका गॅरेजात जाऊन आले. तिथे स्कॅनर न लावताच सांगितलं की एबीएसचं मॉड्युल गेलंय, नवीन टाकायला पन्नास हजाराच्या आसपास. बाबा एकदम काळजीतच पडले. मला हे पटत नाही. मॉड्युल जातं, नाही असं नाही, पण स्टेअरिंग वळवल्यावर लागणारा आणि चावी बंद-चालू केल्यावर जाणारा लाईट बघून आधी मॉड्युलचं नाव घेणं म्हणजे पेशंटला न तपासताच ऑपरेशन सांगणं आहे. पन्नास हजार ही काही छोटी रक्कम नाही कुणाच्याही घरात.

संध्याकाळी ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गेलो. त्यांच्याकडे सगळी मॉड्युलं वाचणारा स्कॅनर आहे. कोड आला सी००३५, डावं पुढचं चाक, व्हील स्पीड सेन्सरचं सर्किट. उजव्या पुढच्याचा सी००४०, डाव्या मागच्याचा सी००४५, उजव्या मागच्याचा सी००५०, हे चार लक्षात ठेवले तर पुष्कळ काम भागतं, मात्र काही कंपन्या स्वतःचे वेगळे कोड वापरतात.

काका म्हणाले, "कोड आला म्हणून लगेच सेन्सर आणायला धावू नको. कोड फक्त गल्ली सांगतो, घर आपण शोधायचं." एकदम बरोबर. सर्किट म्हणजे त्यात सेन्सर आला, त्याची वायर आली, कपलर म्हणजे वायर जोडायचा प्लग आला, मॉड्युलपर्यंतचं वायरिंग आलं आणि मॉड्युलची पिन पण आली. बाकी तीन चाकांचा एकही कोड नाही आणि मॉड्युलचा स्वतःचा कोड पण नाही, हे माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. शनिवारपुरता स्कॅनर द्या म्हटलं, तर काकांनी लगेच हो म्हटलं.

२१ जून, शनिवार

गुहागर रोडला गाडी काढली, बाबा चालवत होते आणि मी बाजूला स्कॅनर घेऊन, चारही चाकांचा वेग एकाच स्क्रीनवर ग्राफमध्ये लावलेला. सरळ गुळगुळीत रस्त्याला चारही रेषा एकमेकांवर चिकटून, ३८-३८-३८-३८. वळणावर बाहेरची चाकं थोडी जास्त फिरतात तेवढा फरक, तो बरोबरच. मग एका खड्ड्यात डावं चाक गेलं आणि डाव्या पुढच्याची रेषा २२ वरून थेट शून्यावर, बाकी तिघी २२ वरच. क्षणभरात लाईट लागला.

चाक धावताना असं एका क्षणात शून्य होऊच शकत नाही, म्हणजे चाक फिरतंय पण बातमी पोचत नाहीये. रिंगवर घाण असेल किंवा फट वाढलेली असेल तर सहसा रेषा थरथरते, एका ठरावीक फेऱ्याला दात गळाल्यासारखी पडते, हळू वेगात ब्रेक मारताना पेडल उगाच थडथडतं. इथे तसं काहीच नाही, स्वच्छ रेषा आणि एकदम तुकडा पडतो. वायर किंवा कपलर.

२२ जून, रविवार

आज खरं काम झालं त्यामुळे सविस्तर लिहितोय.

पडवीत सपाट जागेवर गाडी लावली, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक, पुढची दोन्ही चाकं जॅकने उचलून गाडी दोन घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, कितीही घाई असली तरी. चाक काढलं आणि मीटर वगैरे काही लावायच्या आधी नुसतंच टॉर्च मारून बघत बसलो. सेन्सरची वायर नकलमधून, म्हणजे चाकाचा हब ज्याच्यावर बसतो आणि स्टेअरिंगबरोबर वळतो त्या लोखंडी भागातून, निघते, शॉकअपवर एक छोटा पत्र्याचा ब्रॅकेट असतो त्याच्यात रबराच्या बुशने अडकते, तिथून वर जाऊन चाकावरच्या प्लास्टिकच्या लायनरमागे कपलरमध्ये जाते. आमच्या डाव्या बाजूला तो रबरी बुश ब्रॅकेटमध्ये नव्हताच, वायर मोकळी लोंबत होती आणि बुश वायरवरच खाली सरकून बसलेला. मार्चमध्ये हायवेवरच्या एका गॅरेजात पुढचे दोन्ही शॉकअप बदललेत. शॉकअप काढताना हा बुश सोडवावाच लागतो, परत बसवायला पाच सेकंद लागतात, ते राहून गेलेलं. मग स्टेअरिंग वळलं की सगळा ताण वायरच्या एकाच जागेवर, नकलमधून निघते तिथून साधारण चार बोटं वर. तिथे वरचं रबर थोडं पांढरट पडलंय, चीर मात्र नाही.

आता नुसतं दिसलं म्हणून मान्य करायचं नाही, मीटरवर दिसलं पाहिजे. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. जुन्या गाड्यांत सेन्सर म्हणजे चुंबकाभोवतीची कॉइल असते, समोर दातेरी लोखंडी रिंग फिरते आणि कॉइलमध्ये एसी व्होल्टेज तयार होतं, १९७८ मध्ये बॉशचं पहिलं एबीएस मर्सिडीजमध्ये आलं तेव्हापासूनची ही पद्धत. तो सेन्सर ओहममध्ये मोजता येतो, साधारण हजार-दोन हजार ओहमच्या घरात. पण हळू वेगात त्याचा सिग्नल फार क्षीण होतो. आता बहुतेक गाड्यांत अ‍ॅक्टिव्ह सेन्सर असतो, आत चिप असते, दोनच वायर, मॉड्युल त्याला सप्लाय देतं आणि तो त्याच वायरवर करंट कमी-जास्त करून उत्तर देतो. ओढतो ७ मिलिअँपिअर, नाहीतर १४ मिलिअँपिअर. समोर बहुतेक वेळा दातेरी रिंग नसते, बेरिंगच्या सीलवरच काळ्या पट्टीत उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण असे बारीक चुंबक भरलेले असतात, त्याच्या साधारण ४०-५० जोड्या. ४८ धरल्या तर आमच्या टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर, म्हणजे दर चार सेंटीमीटरला एक पल्स आणि ताशी ४० ला सेकंदाला पावणेतीनशेच्या आसपास. असल्या सेन्सरला मीटर ओहमवर लावायचा नाही, आकडा काही अर्थाचा येत नाही आणि चिपला धोका होऊ शकतो तो वेगळाच.

तर कपलर सोडवला, आतल्या पिना स्वच्छ, हिरवट गंज नाही, पाणी नाही. मॉड्युलकडून येणाऱ्या बाजूला चावी ऑन करून व्होल्टेज मोजलं, बॅटरीच्या जवळपास आलं, म्हणजे मॉड्युल सप्लाय देतंय आणि तिथपर्यंतचं वायरिंग जिवंत आहे. मग दोन बारीक जंपर वायरी करून एक पिन सरळ जोडली आणि दुसरीच्या मध्ये मीटर मिलिअँपिअरवर टाकला. वायरीला सुई टोचून मोजायची सवय बऱ्याच जणांना असते, ती टाळायची, त्या भोकातून पाणी आत जातं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच वायर सडते.

आधी चांगली बाजू, उजवं चाक, म्हणजे बरोबर काय असतं ते डोळ्यासमोर राहतं. हब हाताने अगदी हळू फिरवला, ७.१... १४.०... ७.१... १४.०, थांबवलं की जिथे थांबेल तो आकडा स्थिर. फार सुंदर वाटतं हे बघायला, एवढं मोठं लोखंडी चाक आणि बोटभर सरकलं तरी मीटरवर लगेच नोंद.

मग डावं. सरळ स्टेअरिंगला तेच, ७.० आणि १४.१. म्हणजे सेन्सरची चिप ठणठणीत, बेरिंगची चुंबकी पट्टी ठणठणीत. धाकट्या भावाला सांगितलं, स्टेअरिंग हळूहळू उजवीकडे घे. अर्ध्यापर्यंत काही नाही, फुल लॉकच्या थोडं आधी आकडा ७ वरून ४ वर फडफडला आणि ० झाला. परत सरळ घेतलं तरी शून्यच. इथे गोंधळ होऊ शकतो, कारण सर्किट तुटलेलं दिसलं की आमच्या गाडीचं मॉड्युल त्या चाकाचा सप्लायच बंद करून टाकतं आणि मग वायर आत परत जुळली तरी मीटर शून्यच दाखवतो. चावी बंद करून ऑन केली की परत ७. मग स्टेअरिंग सरळच ठेवून फक्त ती पांढरट पडलेली जागा दोन बोटांत धरून किंचित वाकवली, लगेच शून्य. बाकी कुठेही हलवली, कपलरपाशी, वर लायनरपाशी, आकडा ढिम्म हलत नाही.

बाबांना बोलावून दाखवलं. त्यांनी स्वतः ती वायर वाकवून मीटर शून्य होताना बघितला तेव्हा त्यांच्या तोंडावरची मॉड्युलची काळजी गेली.

२४ जून, मंगळवार

पर्याय दोन होते. तुटलेल्या जागी वायर जोडायची किंवा वायरसकट पूर्ण सेन्सर बदलायचा. जोडणं फुकटात होतं, पण ही जागा प्रत्येक वळणाला वाकते, सोल्डर केलेली वायर तिथे कडक होते आणि सोल्डर जिथे संपतं तिथेच परत तुटते, शिवाय चिखलपाणी. आतल्या स्थिर वायरिंगमध्ये कुठे तुटलं असतं तर क्रिम्प करून (दाबून जोडून) वर गोंदवाली हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवून निर्धास्त वापरलं असतं, पण हलत्या जागी नाही आणि ब्रेकच्या कामात तर नाहीच. वायर नकलपासून कपलरपर्यंत सेन्सरबरोबर एकत्रच येते, त्यामुळे पूर्ण सेन्सर मागवला, साधारण अडीच हजार. निम्म्या किमतीत बिगरनावाचा मिळत होता, तो घेतला नाही. डावा-उजवा वेगळा असतो, वायरची लांबी आणि ब्रॅकेटच्या बुशच्या जागा वेगळ्या, त्यामुळे पार्ट नंबर चेसिस नंबरवरून काढून घेतला.

२८ जून, शनिवार

सेन्सर काढायलाच जास्त वेळ गेला. दहा नंबरच्या पान्याचा एकच बोल्ट, पण सात पावसाळे खाल्लेला. आदल्या रात्री आणि सकाळी डब्ल्यूडी-४० मारून ठेवलं होतं, गोटी पान्याने थोडा सोडायचा, थोडा परत आवळायचा, असं मागेपुढे करत सुटला. एका दमात ओढला असता तर मुंडी तुटून नकलमध्ये ड्रिल मारत बसावं लागलं असतं. सेन्सर स्वतः भोकात गंजाने धरलेला होता, त्याला बाजूने हळूहळू डावी-उजवी पिळत वर आणला. वायरला धरून ओढायचं नाही, वरून हातोडी पण नाही, प्लास्टिकचं नाक तुटून आत पडलं तर बेरिंगपर्यंत प्रकरण जातं.

नकलवर सेन्सर जिथे टेकतो त्या जागी गंजाचा थर फुगला होता. कोकणात हे नेहमीचं आहे, आणि हा थर सेन्सरला वर उचलतो, फट वाढते, फट एक मिलिमीटरच्या आसपासची असल्यामुळे एवढासा थर पण पुरतो. म्हणजे वायर तुटली नसती तरी पुढेमागे इथूनच त्रास सुरू झाला असता. भोकात आधी चिंधीचा बोळा घट्ट बसवला, मग पॉलिश पेपरने जागा चकचकीत होईपर्यंत घासली, भुकटी व्हॅक्युमने ओढून घेतली, मगच बोळा काढला. ही लोखंडाची भुकटी आत गेली तर चुंबकी पट्टीवर जाऊन चिकटते आणि नवा सेन्सर लावून पण चुकीचे आकडे येतात, त्यामुळे इथे अजिबात घाई केली नाही. पट्टीवर टॉर्च मारून बघितलं, चीर नाही, सोललेली नाही.

नवा सेन्सर हाताने दाबून सपाट बसला, बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस, ८ न्यूटन मीटरला टॉर्क, सहा एमएमचा बोल्ट आहे, जास्त जोर लावायचा नाही. वायर पहिल्यासारखी फिरवली आणि तो रबरी बुश ब्रॅकेटमध्ये "टक" करून बसवला. मग स्टेअरिंग दोन्हीकडे फुल लॉक करून बघितलं की वायर कुठे ताणत नाही, टायरला, अ‍ॅक्सलला कुठे घासत नाही. शॉकअप पूर्ण खाली लोंबत असताना आणि चाकाखाली जॅक लावून वर दाबल्यावर, दोन्ही वेळा बघितलं.

उजव्या बाजूचा बुश पण बघितला, तो होता ब्रॅकेटमध्ये पण अर्धाच बसलेला. दाबून बसवला. त्या बाजूची वायर मीटरवर फुल लॉकला ठीक आहे.

२९ जून, रविवार

काकांना गाडी नेऊन दाखवली, स्कॅनर लावून कोड पुसला. फुल लॉक डावीकडे, उजवीकडे, गुहागर रोडचा तोच खड्डा, परत तोच खड्डा, चारही रेषा एकत्र. लाईट नाही.

मग एबीएस खरंच काम करतंय का ते. गावाबाहेर मोकळं मैदान आहे, ओली लाल माती, आजूबाजूला कोणी नाही बघून ताशी ३० ला ब्रेक पूर्ण दाबला. पेडल पायाखाली थडथड थडथड झालं, गाडी सरळ थांबली, ब्रेक मारत असताना स्टेअरिंग थोडं डावीकडे घेतलं तर गाडी डावीकडे गेली पण. उतरून माती बघितली, चाक सलग घसटल्याचा पट्टा नाही, तुटक तुटक ठसे. बाबांना पण एकदा मारायला लावला, कारण सात वर्षांत त्यांच्यावर एबीएस लागायची वेळच आली नव्हती आणि पेडल थडथडल्यावर बरेच लोक घाबरून पाय उचलतात. त्यांना सांगितलं, थडथडलं तरी पाय तसाच दाबून ठेवायचा, ते त्याचं काम करतंय.

१२ जुलै, शनिवार

आई-बाबा पंढरपूर करून आले, कुंभार्ली घाट, कोयनानगर, कराड, विटा आणि परत. जाताना घाटात धुकं आणि धो धो पाऊस, लाईट एकदाही नाही. आज परत स्कॅन केलं, एबीएसमध्ये एकही कोड नाही, जुना साठवलेला पण नाही.

जुनी वायर आज ब्लेडने उभी चिरून बघितली. दोनपैकी एका वायरचे तांब्याचे सगळे केस तुटलेले, टोकं काळपट, मध्ये जेमतेम मिलिमीटरभर अंतर, वरचं रबर मात्र अखंड. सरळ असताना टोकं एकमेकांना टेकत होती म्हणून आकडा येत होता. तो तुकडा काकांना दिलाय, त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना दाखवायला त्यांना हवा होता. मार्चमध्ये शॉकअप बदललेल्या गॅरेजात पण जाऊन त्याचा फोटो दाखवून आलो, तिथल्या पोराने नीट ऐकून घेतलं आणि ब्रॅकेट कुठला ते विचारून घेतलं. मागच्या चाकांच्या बोल्टांना आता डब्ल्यूडी-४० मारून ठेवतोय, पाऊस कमी झाला की ते दोन्ही सेन्सर पण काढून खालचा गंज साफ करायचाय.